चाचपडणारे हात

सोमवारी सकाळी सव्वानऊला हर्षदा कणसेने मोजली, तेव्हा संगणकावरच्या टपालपेटीत चार हजार तीनशे अठरा पत्रे होती. शुक्रवारी संध्याकाळी सहाला तिने ती पेटी रिकामी करून ठेवली होती. आलेल्यांपैकी चार हजार तीनशे सहा पत्रे यंत्रांनी लिहिलेली आहेत, हे विषयाच्या ओळीवरूनच कळत होते. उरलेली बारा तिने उघडली. नऊ पत्रे तिसऱ्या-चौथ्या वाक्यापर्यंत माणसासारखी होती आणि मग विम्याकडे वळली. दोन पत्रे दात्यांची होती. दोघांचेही म्हणणे एकच, आमचे नाव यादीतून काढा. बारावे पत्र तेवढे खरे होते. बारामतीच्या एका दवाखान्यातून एका बापाने ते शुक्रवारी संध्याकाळी आठच्या सुमारास पाठवले होते. मुलाला रक्त हवे होते, तातडीने.

हर्षदाने ताबडतोब फोन लावला. बाप म्हणाला, "पोरगं वाचलं. पुण्यातून मिळालं शनिवारी." मग थोडे थांबून त्याने विचारले, "पण तुम्ही आत्ता कशासाठी फोन केलाय?"

एकसष्ट तास. हा आकडा तिने वहीच्या कोपऱ्यात लिहिला आणि खाली दोन रेघा मारल्या.

साताऱ्यात एका बियाण्यांच्या दुकानावर दोन खोल्यांत त्यांचे दुर्मीळ रक्त नोंदणी केंद्र होते. माणसे दोनच. अप्पा शिर्के अडुसष्ट वर्षांचे. छत्तीस वर्षे रक्तपेढीत नळ्या हलवून निवृत्त झालेले. दात्यांची यादी त्यांनी एकेक नाव शोधून जमवली होती. हर्षदा सव्वीस वर्षांची, संख्याशास्त्रात एम.एस्सी. झालेली. यादी अद्ययावत ठेवणे आणि संकेतस्थळ चालवणे हे तिचे काम.

यादी होती 'बॉम्बे' रक्तगटाच्या माणसांची. आपल्या तांबड्या पेशींच्या अंगावर एच नावाचा एक रेणू असतो. ए गट असो, बी असो वा ओ, हा एच सगळ्यांकडे कमी-जास्त असतोच, कारण ए आणि बी त्याच्यावरच रचले जातात. पण दहा हजारांत एखाद्या माणसाकडे हा पायाच नसतो. अशा माणसाला दुसऱ्या कुणाचेही रक्त दिले, अगदी ओ गटाचेसुद्धा, तरी त्याचे शरीर त्या पेशी फोडून टाकते. त्याला चालते फक्त त्याच्यासारख्याच दुसऱ्या माणसाचे. बाटलीत हे रक्त पाच-सहा आठवड्यांपलीकडे टिकत नाही, म्हणून ते साठवून भागत नाही. जिवंत दाता शोधावा लागतो, त्याला उठवावे लागते, गाडीत बसवावे लागते. म्हणजे सगळा कारभार फोनच्या एका नंबरावर. तो नंबर गरजवंताला सहज सापडला पाहिजे. आणि जो माणसाला सहज सापडतो तो यंत्रालाही सापडतो.

त्या वर्षापर्यंत बोलकी यंत्रे घरोघरी पोचली होती. ती संकेतस्थळांवरून नंबर वेचत आणि कुणाच्याही आवाजात बोलत. रक्तदात्यांची यादी म्हणजे त्यांना सोन्याची खाण, कारण हा माणूस रडणाऱ्याचा फोन ठेवत नाही हे आधीच सिद्ध झालेले. कोरेगावचे ओतारी गुरुजी, एकतीस वेळा रक्त दिलेले, एकदा हर्षदाला म्हणाले, "परवा एक बाई ढसाढसा रडली बघा फोनवर. मी चपला घातल्या, हिला म्हटलं डबा राहू दे. तर ती बाई म्हणते, गुडघेदुखीवर आमचं तेल आहे." हर्षदा हसली. गुरुजी हसले नाहीत. "चेष्टा नाही, बाळ. आता कुणी खरंच रडलं तरी मला आधी तेल आठवतं."

त्या सोमवारनंतर तीन आठवडे बसून हर्षदाने संकेतस्थळासाठी 'उंबरा' नावाचा प्रोग्रॅम लिहिला.

यंत्र की माणूस, हे ओळखण्याची जुनी रीत म्हणजे चित्रकोडी. सिग्नल कुठे आहेत ते दाखवा, जिने मोजा. पण कोडी सोडवण्यात यंत्रे कधीच माणसाच्या पुढे गेली होती. उलट माणसेच कंटाळून परत फिरत. तिने स्वतःच्या संकेतस्थळावर मोजले होते. शंभरातली चौतीस माणसे कोड्यापाशी येऊन निघून गेली. ज्याचा नातलग आत टेबलावर आहे त्याला जिने मोजायला लावायचे, हे तिला पटेना.

म्हणून तिने काही विचारायचेच नाही असे ठरवले. फक्त बघायचे. काचेवर टेकलेले बोट कधी स्थिर नसते. धडधाकट माणसाचेही ते सेकंदाला आठ ते बारा वेळा बारीकसे थरथरते. माणूस शब्द लिहितो, खोडतो, पुन्हा लिहितो. बटणाच्या थोडा पुढे जातो आणि मागे येतो. आणि घाबरलेला माणूस विशिष्ट जागी अडखळतो. रुग्णाचे नाव लिहिताना नाही, तर 'रुग्णाशी नाते' या रकान्यापाशी. यंत्रे थरथर उसनी आणत, चुकाही मुद्दाम करत, पण कुठे अडखळायचे ते त्यांना अजून कळले नव्हते. या सगळ्याचा मिळून एक गुण काढायचा, शून्य ते एक. पस्तीस शतांशाच्या खाली आला की यंत्र. कॉलेजातली मुले, दाते, सिव्हिल हॉस्पिटलच्या बाकांवर बसलेले नातेवाईक, अशा दोनशे चाळीस जणांच्या हाती त्यांचेच फोन देऊन तिने चाचणी घेतली. दोनशे एकोणचाळीस जण माणसे ठरली.

"आणि जो यंत्र ठरेल त्याचं काय करणार?" अप्पांनी विचारले.

"त्याला पण नंबर देणार. दुसरा."

"म्हणजे?"

"अप्पा, 'तुम्हाला प्रवेश नाही' असं सांगितलं की यंत्र शिकतं. कुठे चुकलो ते बघून पुढच्या वेळी सुधारून येतं. म्हणून त्याला कळूच द्यायचं नाही. तो नंबर लागेल, कुणीतरी उचलेल, गोड बोलेल. यंत्राला वाटेल काम झालं. तिथेच गुंतून पडेल."

"उचलणार कोण?"

"कुणीच नाही. माझा आवाज भरून ठेवलाय."

तिने ऐकवला. 'नमस्कार. तुमची विनंती आमच्यापर्यंत पोचली आहे. दात्याशी संपर्क सुरू आहे. कृपया हा फोन जवळ आणि मोकळा ठेवा.' आवाज इतका मायाळू आला होता की अप्पा दोन क्षण यंत्राकडे बघतच राहिले.

"एवढं चांगलं कशाला बोललीस?"

"कोरडं बोललं की त्यांना संशय येतो."

अप्पांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. "माझ्या डोक्याबाहेरचं आहे हे. पण फोनवर खोटं बोलायचं नाही, एवढं एकच मी रक्तपेढीत शिकलो."

"माणसाशी कुठे बोलतोय आपण, अप्पा?"

अप्पांनी टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. जुना नंबर बंद झाला. दवाखान्यांच्या भिंतींवर जिथे तो चिकटवलेला होता तिथे 'नवीन नंबरासाठी संकेतस्थळ पाहा' अशी पट्टी लावायला कळवले गेले. नवा नंबर अप्पांच्या खिशातल्या फोनचा. तो फक्त उंबरा ओलांडणाऱ्याला दिसे.

दीड महिन्यात टपालपेटीतली रोजची पत्रे चौदाशेवरून तीनवर आली. सोडून गेलेले एकोणीस दाते परतले. ओतारी गुरुजींनी पेढे पाठवले, सोबत चिठ्ठी, 'तेल बंद झाले.' गरजवंतांचे फोन पूर्वीइतकेच, उलट थोडे जास्तच येत होते, म्हणजे येणारा माणूस बिचकत नव्हता. पुण्याच्या दोन संस्थांनी उंबरा मागून घेतला. हर्षदाने तो आनंदाने दिला.

चौथ्या महिन्यात अप्पा एकदा कॅलेंडरकडे बघत म्हणाले, "पाटणचा फोन नाही आला गं."

"कधीपासून?"

"हे तुझं सुरू झाल्यापासून. वरच्या वाड्यांतून यायचे आपल्याला. तिकडं मामाची पोरगी करतात, एकाच घरात दोन्हीकडून तोच दोष उतरतो. वर्षाला चार-पाच तरी असायचे."

हर्षदाने कागद ओढला. वर्षाला साडेचार, म्हणजे चार महिन्यांत सरासरी दीड. दीड अपेक्षित असताना एकही न येण्याची शक्यता किती? तिने गणित केले आणि कागद त्यांच्यापुढे सरकवला. "बावीस टक्के. पाचातून एकदा असं नुसत्या योगायोगानं होतं, अप्पा. यावरून काहीच म्हणता येणार नाही."

"काहीच नाही?"

"अजून वर्षभर थांबलो तर म्हणता येईल."

गणित बरोबर होते. अप्पांनी ते दोनदा तपासले.

पाचव्या महिन्यात, एका मंगळवारी दुपारी, चाळिशीतला एक माणूस जिना चढून आला. खिशाला दोन पेने, बगलेत प्लास्टिकची फाइल. अप्पा आतल्या खोलीत चहा करत होते.

"या, बसा. काय काम होतं?" हर्षदा म्हणाली.

तो बसला नाही. तिच्याकडे बघत राहिला. "तुम्हीच का त्या?"

"कोण?"

"फोन जवळ ठेवा म्हणणाऱ्या."

हर्षदाला आधी काही कळले नाही. मग तिने हातातले पेन खाली ठेवले.

त्याचे नाव नौशाद मुल्ला. पाटणच्या वर, डोंगरात त्याचे सेवा केंद्र होते. सातबारा, रेशनकार्ड, परीक्षेचे अर्ज, जे काही सरकारी-बिनसरकारी संगणकावर भरायचे ते अकरा वाड्या त्याच्याकडून भरून घेत. फाइलमधून त्याने एक छापील कागद काढला. त्यांच्याच संकेतस्थळाचे पान होते ते. खाली ठळक अक्षरांत नंबर. तो अप्पांचा नव्हता.

"सुवर्णा कोकरे. चोवीस वर्षांची. पहिलं बाळंतपण," नौशाद सांगू लागला. "बाळ झालं, रक्त थांबेना. दवाखान्यात ओच्या तीन पिशव्या होत्या, एकही जुळली नाही. लॅबवाल्यानं त्यावरूनच ओळखलं आणि चिठ्ठी लिहून दिली, बॉम्बे गट, आणि तुमचं संकेतस्थळ. तिचा भाऊ बिरू चिठ्ठी घेऊन पळत माझ्याकडं आला. दुपारी एक वीसला. मी अर्ज भरला, नंबर मिळाला, लावला. तुम्ही म्हणालात, दात्याशी संपर्क सुरू आहे."

अप्पा दारात येऊन उभे राहिले होते.

"डॉक्टर कराडला हलवायचं म्हणत होते. रस्त्यात दगावंल अशी धास्ती होती, पण म्हणत होते. आम्हीच सांगितलं, दाता निघालाय, साताऱ्याहून बाईंचा फोन झालाय. म्हणून थांबले." नौशादने कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली. "सहा चाळीसला गेली. मी भांडायला नाही आलो, मॅडम. पंधरा दिवस झाले. मला एवढंच विचारायचंय, दाता मिळाला नव्हता तर तसं का नाही सांगितलं?"

हर्षदाने त्याला खरे ते सांगितले. अर्ध्या तासात, शक्य तितक्या सोप्या शब्दांत.  शेवटी तो म्हणाला, "म्हणजे तुमच्या कॉम्प्युटरनं मला मशीन समजलं."

"हो."

"का?"

"तुम्ही अर्ज कसा भरता ते दाखवाल?"

ती उठली, तो तिच्या खुर्चीत बसला. डोंगरात नेटवर्क दर दहा मिनिटांनी जाते. अर्धा भरलेला अर्ज पुसला जातो. म्हणून समोरचा माणूस सांगेल ते सगळे तो आधी वेगळ्या पानावर टिपून ठेवी आणि नेटवर्क आले की एका दमात सगळे रकाने चिकटवून पाठवून देई. दहा वर्षांची सवय होती. माऊस सरळ रेषेत जाई, बटणावर नेमका थांबे. 'रुग्णाशी नाते' या रकान्यावर तो एक क्षणही रेंगाळला नाही. कशाला रेंगाळेल? नाते त्याचे नव्हतेच. ज्याचे होते तो काउंटरच्या पलीकडे उभा राहून तोंडी सांगत होता, कदाचित अडखळत, पण ते उंबऱ्याला दिसण्याची सोय नव्हती. त्या वाड्यांत स्वतःच्या हाताने संकेतस्थळ उघडणारे फार थोडे. बाकी सगळ्यांच्या वतीने नौशादचा हात.

पडद्याच्या कोपऱ्यात गुण उमटला. चार शतांश.

त्याला बसस्थानकापर्यंत पोचवून अप्पा परत आले तेव्हा हर्षदा खोट्या नंबराची नोंद उघडून बसली होती. एकसष्ट हजार दोनशे चार फोन. त्यांतले सेवा केंद्रांमधून आलेल्या अर्जांचे तिने वेगळे काढले. सहा घरे निघाली. पाटण तालुक्यातली पाच, जावळीतले एक. तो नंबर पलीकडचे बोलणेही साठवून ठेवत असे, कारण यंत्रांचा अभ्यास करायचा होता. सुवर्णा गेली त्या दिवसाचे तिच्या घरचे सहा फोन होते. पहिल्या दोनांत नौशाद, पुढच्या चारांत बिरू. शेवटचा पाच वाजून अठ्ठावन्न मिनिटांचा.

'ताई, फोन मोकळाच ठेवलाय म्या. कुणाचा बी घेतला न्हाई. दाता कुठवर आलाय तेवढं सांगा की.'

'नमस्कार,' हर्षदाचा आवाज म्हणाला. 'तुमची विनंती आमच्यापर्यंत पोचली आहे.'

तिने खोटा नंबर बंद केला. पुण्याच्या दोन्ही संस्थांना कळवले. मग उरलेल्या पाच घरांना एकेक करून फोन लावला. दोघांनी उचलला नाही. एकाने तिचा आवाज ऐकताच बंद केला.

"तुम्ही म्हणाला होतात," ती अप्पांना म्हणाली.

"मी काही म्हणालो नव्हतो. कॅलेंडर बघितलं होतं. बावीस टक्के मलाही पटले." अप्पांनी तिच्यापुढे चहाचा कप ठेवला आणि त्याकडे दोघांनीही पाहिले नाही. मग ते म्हणाले, "तिला भावंडं किती, विचारलंस का?"

"नाही."

"मी विचारलं त्याला एसटीपाशी. एक बहीण, एक भाऊ. गुरुवारी जाऊ. नळ्या मी भरतो."

कारण साधे होते. आई आणि बाप दोघांकडून तो दोष आला तरच माणूस बॉम्बे गटाचा होतो. म्हणून परक्या माणसात शक्यता दहा हजारांत एक, तर सख्ख्या भावंडात चारांत एक. असा रुग्ण कळला की आधी त्याचे घर तपासायचे, ही अप्पांची रीत. फोन त्यांच्या खिशात वाजला असता तर पहिला प्रश्न त्यांनी हाच विचारला असता.

गुरुवारी अकराला ते पोचले. नौशाद वाट दाखवायला आला होता. घराच्या ओट्यावर आईने घोंगडे अंथरले. सुवर्णाचे बाळ सासरी, तिच्या सासूपाशी होते. बहीण कमल भिंतीला टेकून बसली. बिरू सत्तावीसचा असेल, उंच, उन्हाने रापलेला. हर्षदाने तोंड उघडल्यावर त्याने एकदम मान वर केली. तिने पुढचे वाक्य हळू आवाजात, जवळजवळ कुजबुजत पुरे केले.

"मीच ती. मला माफ करा असं म्हणायला तोंड नाही."

 आई म्हणाली, "बसा. पाणी घ्या."

"माझं कशाला बघता?" बिरूने अप्पांना विचारले. "माझं बगितलंय की तितं. मी हात फुडं केला हुता, सगळं घ्या म्हनलं. ओ हाय म्हनले. ओ तिला चालत न्हाई, तू भाईर बस म्हनले. बसलो मग. पाच तास बाकावरच हुतो."

अप्पांचा सुई धरलेला हात थांबला. नेहमीच्या तपासणीत ए आणि बी आहेत का एवढेच बघतात. दोन्ही नसले की ओ लिहितात. बॉम्बे गटातही दोन्ही नसतात. दोघांना वेगळे करणारा द्राव निराळा असतो, परदेशातल्या एका काटेरी झुडपाच्या बियांपासून काढलेला. एच असेल तर त्याच्या थेंबाने पेशींच्या गुठळ्या होतात. एच नसेल तर होत नाहीत. लहान दवाखान्यात तो नसतो.

"तरी बघू," अप्पा म्हणाले.

हर्षदाने ती शंका त्यांच्या आवाजात ऐकली आणि त्यांच्याकडे बघायचे टाळले.

पडताळणीसाठी खात्रीच्या ओ गटाचे रक्त हवे होते. नौशादने बाही वर केली. "माझं घ्या. रक्तदानाच्या कार्डावर ओ आहे, आणि तब्येतीला शेरा आहे, उत्तम."

चार नळ्या. अप्पांनी धुतलेल्या पेशींचा थेंब टाकला, हर्षदाने द्रावाचा. खोलीच्या तपमानाला पाच मिनिटे. मग हाताने फिरवायच्या यंत्रात एक मिनिट, अप्पांनी दांडा फिरवला, तिने घड्याळ पाहिले. नळ्या एकेक करून उजेडाकडे धरायच्या, तळ हलकेच हलवायचा आणि गुठळीला शून्य ते चार असा गुण द्यायचा. कमलने पदर तोंडाशी धरला होता. बिरू ओट्याच्या कडेला उकिडवा बसून नळ्यांकडे बघत होता.

हर्षदाने वहीत लिहिले.

पहिली नळी, नौशाद मुल्ला : चार.

दुसरी नळी, आई : तीन.

तिसरी नळी, कमल : तीन.

चौथी नळी, बिरू झोरे : शून्य. दहा मिनिटांनी पुन्हा पाहिले : शून्य.